पेनड्राइव्हची पालखी

ऑफिसात शंभर-दीडशे विंडोजची मशीनं, त्यांच्यावर सॉफ्टवेअर टाकायची आणि अपडेट करायची जबाबदारी तुमची, आणि नोकरीत मानाने टिकायची इच्छा, अशी तिन्ही लक्षणं तुमच्यात असतील तर एवढंच ऐका: पॅकेज मॅनेजरच्या, म्हणजे सॉफ्टवेअर आपोआप उतरवून टाकणाऱ्या आणि अपडेट करणाऱ्या साधनाच्या, नादी लागू नका. पेनड्राइव्ह घ्या. गळ्यात अडकवायची दोरी असलेला मिळाला तर उत्तमच.

हिशेबच मांडतो. महापेला दोन मजल्यांवर १०५ मशीनं, तुर्भ्याच्या गोडाऊनला १५, ठाण्याला वागळे इस्टेटच्या जुन्या जागेत २०. झाली १४०. त्यांच्यावरचं सेव्हन-झिप, म्हणजे झिप फायली उघडायचं सॉफ्टवेअर, अपडेट करायचंय. टेबलाशी जायचं, "दोन मिनिटं हं मॅडम" म्हणायचं, मॅडमची शीट सेव्ह होईपर्यंत मागे हात बांधून उभं राहायचं, खुर्चीत बसायचं, अ‍ॅडमिनचा पासवर्ड हाताच्या आडोशाने टाकायचा, मग नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. बारा मिनिटं धरा. १४० गुणिले १२ म्हणजे १,६८० मिनिटं, म्हणजे २८ तास. आठ तासांच्या हिशेबाने साडेतीन दिवस. त्यात कोणी मीटिंगमध्ये, कोणी रजेवर, कोणाचा लॅपटॉप बदलापूरला घरीच. म्हणजे आठवडा आरामात जातो, आणि आठवडाभर अख्खं ऑफिस तुम्हाला राबताना बघतं. पालखीसारखा मान मिळतो. टेबलागणिक विसावा, विसाव्याला चहा, कोणाच्या मुलीला कुठे अ‍ॅडमिशन मिळाली याची खबर. तुर्भ्याला जायचं तर अर्धा दिवस बाहेर. वागळेला जायचं तर दुपारनंतर परत यायचं कारणच नाही.

आता पॅकेज मॅनेजर, उदाहरणार्थ मायक्रोसॉफ्टचा विंगेट, काय देतो बघा. कमांडच्या काळ्या खिडकीत विंगेट अपग्रेड, पुढे दोन डॅश आणि ऑल, एवढं लिहून एंटर. मशीनवर काय काय आहे ते तो पाहतो, कशाची नवी आवृत्ती आली आहे ते आपल्या यादीशी ताडतो, ती उतरवून घेतो आणि टाकून मोकळा होतो. १४० ठिकाणी एकदम करायचं तर चॉकलेटी या दुसऱ्या पॅकेज मॅनेजरची तशीच एक ओळ ग्रुप पॉलिसीतून (सगळ्या मशीनना एकाच जागेवरून नियम लावायची विंडोजची सोय) शेड्यूल्ड टास्क, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, म्हणून लावायची. (सिस्टीम या विंडोजच्या स्वतःच्या खात्यावरून हाक मारली की विंगेट जरा आढेवेढे घेतो, म्हणून चॉकलेटी.) रात्री एक वाजता टास्क चालू होतो, सकाळी माणसं येतात तेव्हा काम झालेलं असतं. यात चहा कुठे आहे?

लिनक्सवाल्यांनी या बाबतीत फार घाई केली. १९९९ साली डेबियन या लिनक्सच्या २.१ आवृत्तीत त्यांच्याकडे आप्ट नावाचं असंच साधन आलं. विंडोजवाले सबुरीचे. २०११ साली रॉब रेनॉल्ड्स यांनी चॉकलेटी काढलं. त्याच्या पोटात मायक्रोसॉफ्टचं नूगेट हे प्रोग्रामरांसाठीचं पॅकेजचं साधन आहे, आणि नूगाट ही चॉकलेटात भरायची मिठाई, म्हणून हे नाव. खुद्द मायक्रोसॉफ्टचं विंगेट लोकांसमोर आलं २०२० मध्ये, १.० आवृत्ती २०२१ मध्ये. तेव्हा अजून चार-पाच वर्षं थांबलात तर तुम्ही मागे पडलात असं कोणी म्हणणार नाही. शिवाय नावाची अडचण आहेच. खरेदी विभागासमोर "सर, आपण सगळीकडे चॉकलेटी लावू या" हे वाक्य एकदा म्हणून बघा.

या साधनांचा खरा उपद्रव वेगळाच आहे. इन्स्टॉलरांचीही गाण्यासारखी घराणी असतात, आणि नेक्स्ट-नेक्स्ट न विचारता गप्प काम कर हे प्रत्येकाला वेगळ्या शब्दांत सांगावं लागतं. एमएसआय घराण्याला क्यूएन म्हटलं की ते गप्प बसून काम करतं. इनो सेटअपला व्हेरीसायलेंट सांगावं लागतं, नुसत्या सायलेंटवर ते थोडं गुणगुणतंच. एनएसआयएसला तिरकी रेघ आणि एस, तोही मोठ्या लिपीतला. छोटा एस दिला तर ते तुमच्याकडे पाहतसुद्धा नाही. ही विद्या आपण रात्री जागून मिळवलेली. आणि पॅकेज म्हणजे काय, तर कोणत्या सॉफ्टवेअरला काय म्हटलं की ते मुकाट्याने बसतं याचं कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं टिपण. आपली घराण्याची चीज अशी चव्हाट्यावर मांडलेली तुम्हाला बघवेल?

एक आकडा मात्र या जगातून जरूर उचला: ३०१०. इन्स्टॉलर हा आकडा परत देतो तेव्हा त्याचा अर्थ काम झालं, फक्त मशीन एकदा रीस्टार्ट करा. साहेबांना "सर, ३०१० आलाय" एवढंच सांगायचं आणि चेहरा गंभीर ठेवायचा. साहेब विचारतील, "किती वेळ लागेल?" म्हणा, "बघतो सर."

सॉफ्टवेअर आणायचं कुठून, हाही प्रश्न पॅकेज मॅनेजरवाल्यांनी उगाच अवघड केलाय. विंगेटच्या यादीत प्रत्येक इन्स्टॉलरचा एसएचए-२५६ ठसा, म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेली ओळखखूण, लिहिलेला असतो. उतरवलेली फाइल त्या ठशाशी जुळली नाही तर तो ती टाकायलाच नकार देतो. हा असला संशयी स्वभाव आपल्याला शोभत नाही. आपण सर्चमध्ये नाव टाकावं, सगळ्यात वर जी जाहिरात येते ती उघडावी, तिथलं सगळ्यात मोठं हिरवं बटण दाबावं. हव्या त्या सॉफ्टवेअरसोबत दोन टूलबार आणि कधीमधी एखादा पाहुणा फुकट येतो. त्या पाहुण्याला घालवायला आणखी एक आठवडा, म्हणजे आणखी एक पालखी.

तरी कोणीतरी चिकित्सक विचारतोच: एवढ्याशा सेव्हन-झिपला नाही केलं अपडेट तर काय बिघडतं? त्याला सांगू नका की ते स्वतःहून कधीच अपडेट होत नाही, जे टाकलंत ते तसंच राहतं. आणि हेही सांगू नका की नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या २४.०९ आवृत्तीने एक भोक बुजवलं. त्याआधी ठरावीक पद्धतीने बांधलेली झिप इंटरनेटवरून आली तर 'ही बाहेरून आलेली फाइल आहे' ही खूण आतल्या फायलींना लागायचीच नाही, आणि विंडोज सावध करायचं ते करेनासं व्हायचं. तुमच्या ऑफिसात रोज किती झिप मेलवरून येतात? डिस्पॅचला विचारा. नको, विचारू नका.

मग अकाउंट्सची ढाल वापरा. प्रत्येक ऑफिसात एक सॉफ्टवेअर असं असतं की जावाची अमुक एक जुनी आवृत्ती काढली तर ते डोळे मिटतं, आणि ते नेमकं रिटर्न भरायच्या आदल्या दिवशी. पॅकेज मॅनेजरमध्ये त्यासाठी पिन आहे. चॉकलेटीतही आणि विंगेटमध्येही. त्या दोन मशीनवर तेवढी जावा खुंटीला बांधायची, बाकी सगळं पुढे जाऊ द्यायचं. पण त्या दोन मशीनसाठी उरलेली १३८ थांबवून ठेवण्यात जो दरारा आहे तो खुंटीत नाही. "अकाउंट्सचं अडकलंय" म्हटलं की मालकसुद्धा पुढे बोलत नाहीत.

त्यावरही कोणी ऐकेना, तर १९ जुलै २०२४ ची तारीख फेकून मारा. त्या दिवशी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीचं एक अपडेट गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने जगभरची ८५ लाख विंडोज मशीनं निळी पडली. म्हणा, "बघा, अपडेट केलं की हे असं होतं." ते अपडेट सगळ्यांना एकाच वेळी गेलं होतं, हा तपशील गिळून टाका. नाहीतर लगेच कोणीतरी सुचवेल की आधी आयटीच्या चार मशीनवर, मग एक मजला, मग बाकीचे, असं टप्प्याटप्प्याने का नाही करत.

न्हावा शेवा बंदराचा विषय तर काढूच नका. ते इथून फार जवळ आहे. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या हा संगणकांचा विषाणू सुटला, युक्रेनमधल्या एका कराच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून, आणि जेएनपीटीतल्या, म्हणजे न्हावा शेवाच्याच बंदरातल्या, मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाच्या टर्मिनलचं काम इथे कोलमडलं. (अपडेटमधूनच आला, हा मुद्दा आपल्या बाजूचा, तेवढा लक्षात ठेवा.) आत शिरल्यावर पसरायला त्याने ज्या वाटा धरल्या त्यातली एक मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच बंद केली होती. ज्यांनी तीन महिन्यांत पॅच लावला त्यांच्यासाठी बंद, बाकीच्यांसाठी सताड उघडी. मर्स्कच्या अध्यक्षांनी पुढे दावोसला सांगितलं की दहा दिवसांत ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. आता आपला हिशेब लावू. एका मशीनला आपलीच बारा मिनिटं धरली तरी ४५,००० मशीनना ९,००० तास, म्हणजे एका पेनड्राइव्हवाल्याला १,१२५ दिवस. रविवार सोडून. चहा सोडून. एवढी मोठी पालखी कोणाच्या नशिबी असते?

तुम्ही म्हणाल, याला एवढं सगळं कसं ठाऊक. मी केला होता तो प्रमाद. आधीच्या नोकरीत तीन आठवडे खपून सगळ्या मशीनवर चॉकलेटी बसवलं. बाहेरच्या भांडारावर एकदम सगळ्यांनी धाड घातली की ते दार बंद करतं, म्हणून ऑफिसातल्याच एका सर्व्हरवर पॅकेजचं आपलं छोटं भांडार उभारलं. नवा माणूस रुजू झाला की त्याच्या मशीनवर एक यादी चालवायची. तो एचआरकडून सह्या करून वर येईपर्यंत मशीन तयार. ठाण्याच्या दहा नंबरवरून लोकल पकडून मी नऊ-वीसला पोचायचो, रात्रीचा लॉग, म्हणजे काय झालं त्याची नोंद, वाचायचो, दोन-तीन ठिकाणी अडलेलं असायचं ते बघायचो, आणि साडेदहाला माझ्या टेबलावर काही म्हणता काही नसायचं.

एकदा साहेब शेजारून गेले. थांबले. म्हणाले, "काय रे, काम नाही वाटतं आज?"

मी लॉग दाखवला. त्यांनी तो कौतुकाने पाहिला आणि म्हणाले, "म्हणजे हे आपोआपच होतं." पुढच्या सोमवारपासून प्रोजेक्टर लावणं, पाण्याच्या कूलरवाल्याला फोन करणं आणि बायोमेट्रिकची हजेरी काढणं माझ्याकडे आलं. त्या वर्षी बढती मिळाली ती माझ्या सहकाऱ्याला. तो दुसऱ्या बिल्डिंगमधल्या मशीनवर पेनड्राइव्ह घेऊन फिरायचा, जेवायच्या वेळेलाही जागेवर नसायचा, आणि शर्ट कायम घामाने पाठीला चिकटलेला. साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं की हा माणूस दिसतो.

म्हणून नव्या जागी मी शहाणा झालो. इथेही रात्री एकला टास्क चालतो, पण हे तुमच्या-माझ्यात. सकाळी लॉग वाचून झाला की मी पेनड्राइव्ह गळ्यात अडकवून निघतो. रिकामा असला तरी चालतो, फक्त दिवा लुकलुकणारा घ्या. अकाउंट्सच्या काकू खुर्ची सरकवून विचारतात, "आज काय टाकतोयस रे?"

"अपडेट आहे काकू. बारा मिनिटं लागतील."

"बस मग. चहा सांगते."