खोक्यावरचे आकडे म्हणजे हार्ड डिस्कचा वेग नव्हे

नवा डेस्कटॉप जुळवणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो: "हार्ड डिस्क घेताना तीन आकडे बघ. 7200 आरपीएम, 256 एमबी कॅश, सेटा 6 जीबीपीएस. तिन्ही असले की ती परफॉर्मन्स डिस्क. अशा दोन डिस्क रेड झिरोमध्ये जोडल्या की एसएसडीची गरजच नाही." आरपीएम म्हणजे चकतीच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या, कॅश म्हणजे डेटा क्षणभर ठेवायची डिस्कमधली छोटी मेमरी, सेटा म्हणजे डिस्क कॉम्प्युटरला जोडायची पद्धत. रेड झिरो म्हणजे दोन डिस्कवर डेटा वाटून लिहिणं, आणि एसएसडी म्हणजे फिरती चकती नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क. तिन्ही आकडे खोक्यावर खरेच छापलेले असतात. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि त्यावर विसंबून लोक हजारो रुपये घालतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी आरपीएम. 7200 आरपीएमची चकती सेकंदाला 120 वेळा फिरते, म्हणजे एक फेरी 8.33 मिलिसेकंदांची. हवा तो सेक्टर, म्हणजे डेटाचा तुकडा, हेडखाली (वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाखाली) येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी थांबावं लागतं: 4.17 मिलिसेकंद. 5400 आरपीएमला हीच प्रतीक्षा 5.56 मिलिसेकंदांची होते. फरक जेमतेम 1.4 मिलिसेकंद. त्याआधी हेडला त्या ट्रॅकपर्यंत (चकतीवरच्या डेटाच्या वर्तुळापर्यंत) पोचायला साधारण आठ-नऊ मिलिसेकंद लागतात, आणि आरपीएम वाढवल्याने हा वेळ कमी होत नाही. त्यामुळे आरपीएम 33 टक्क्यांनी जास्त म्हणून विखुरलेल्या फायली 33 टक्के लवकर उघडतील, असं होत नाही. सलग वाचनात आरपीएमचा फायदा नक्की दिसतो, पण तिथेही डेटा किती दाट लिहिलाय हे तितकंच मोलाचं असतं. दाट चकतीची नवी 5400ची डिस्क जुन्या 7200च्या डिस्कला सहज मागे टाकू शकते.

हा समज आला कुठून, तेही सांगायला हवं, कारण एके काळी तो रास्त होता. वेस्टर्न डिजिटलने 2003 मध्ये 10,000 आरपीएमची रॅप्टर सेटावर आणली आणि सर्व्हरमधला वेग हौशी लोकांच्या टेबलावर आला. 2008 च्या व्हेलोसिरॅप्टरमध्ये तर अडीच इंची डिस्क साडेतीन इंची हीटसिंकच्या (उष्णता शोषणाऱ्या धातूच्या) चौकटीत बसवलेली होती. लहान चकत्यांमुळे हेडला कमी अंतर कापावं लागे, म्हणून ट्रॅक गाठायला सुमारे 4 मिलिसेकंद आणि अर्ध्या फेरीला 3. साध्या डिस्कच्या बारा-तेरा मिलिसेकंदांपुढे हे सात. त्या डिस्कचा वेग निव्वळ आरपीएमचा नव्हता, हेड आणि चकतीच्या सगळ्या रचनेचा होता. ते जुळवून आणायला खर्च आणि उष्णता दोन्ही वाढत, आणि क्षमता शेवटच्या 2012 च्या मॉडेलमध्येही 1 टेराबाइटवरच थांबली.

शिवाय हल्ली छापलेला आरपीएम हा प्रत्यक्ष आरपीएम असेलच असंही नाही. '5400 आरपीएम क्लास' लिहिलेल्या वेस्टर्न डिजिटलच्या काही डिस्कचा आवाज हौशी मंडळींनी 2020 मध्ये रेकॉर्ड करून तपासला, तेव्हा 5400 ला शोभणाऱ्या 90 ऐवजी 120 हर्ट्झचा (सेकंदाला 120 फेऱ्यांचा) सूर सापडला. म्हणजे चकती 7200 ने फिरत होती. मला हा शोध फार आवडतो, कारण त्यासाठी डिस्क उघडावी लागली नाही, नुसता मायक्रोफोन पुरला.

आता कॅश. खरी गोम इथे आहे. सेकंदाला दीडशे-दोनशे मेगाबाइट लिहिणाऱ्या डिस्कपुढे 256 एमबी म्हणजे एक-दोन सेकंदांचं काम. 40 जीबीचं फुटेज उतरवताना ही कॅश सुरुवातीलाच भरून जाते. मग ती इतकी मोठी का ठेवतात? बऱ्याच डिस्कमध्ये त्याचं कारण एसएमआर हे आहे. या पद्धतीत ट्रॅक छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवून लिहितात. तेवढ्याच चकतीत जास्त डेटा मावतो, पण मधला एक ट्रॅक बदलायचा तर त्यावर चढलेले पुढचे ट्रॅकही पुन्हा लिहावे लागतात. ही उस्तवार लपवायला डिस्क नवा डेटा आधी एका राखीव भागात घेते आणि निवांतपणी जागेवर लावते. निवांतपणा मिळालाच नाही आणि राखीव भाग भरला, की लिहिण्याचा वेग कोसळतो. सीगेटच्या 2 टेराबाइट बाराकुडाचंच बघा: 64 एमबी कॅशचं जुनं मॉडेल साध्या सीएमआर पद्धतीचं (ट्रॅक एकमेकांवर न चढवणारं), तर 256 एमबीचं नवं मॉडेल एसएमआर. दोन्ही 7200 आरपीएम. वरचा सल्ला मानणारा माणूस डोळे झाकून दुसरी उचलेल.

ही गोष्ट खोक्यावर नसते. वेस्टर्न डिजिटलने नॅससाठीच्या (नेटवर्कवरून वापरायच्या साठवण-पेटीसाठीच्या) 'रेड' मालिकेतल्या (हे रेड म्हणजे लाल, वरच्या रेड झिरोशी संबंध नाही) 2 ते 6 टेराबाइटच्या डिस्कमध्ये एसएमआर वापरल्याचं एप्रिल 2020 मध्ये कबूल केलं, तेही ग्राहकांच्या डिस्क अ‍ॅरेतून (एकत्र जोडलेल्या डिस्कच्या संचातून) बाहेर पडू लागल्यावर आणि बदललेल्या डिस्कवर डेटा पुन्हा भरण्याचं तासांचं काम दिवसांवर गेल्यावर. घेणाऱ्याला हे आधी कळायलाच हवं होतं.

सेटा 6 जीबीपीएसबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ती जोडणीची मर्यादा आहे, प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे 600 मेगाबाइट. मोठ्यातली मोठी नेहमीची 7200ची डिस्कही बाहेरच्या कडेला 300 च्या आसपासच राहते, आणि आतल्या ट्रॅकवर त्याच्या जवळपास निम्म्यावर येते.

राहिलं रेड झिरो. दोन डिस्कवर डेटा वाटून लिहिला की सलग वाचन-लेखन जवळपास दुप्पट होतं, हे मान्य. पण विंडोज सुरू होताना किंवा गेम उघडताना हजारो लहान फायली इकडून तिकडून वाचाव्या लागतात. तिथे प्रत्येक फाइलसाठी हेडची तीच बारा-तेरा मिलिसेकंदांची धाव असते, म्हणजे एका डिस्कला सेकंदाला जेमतेम 80 वाचनं. दुसरी डिस्क जोडून एका वाचनाची वाट कमी होत नाही. साधी सेटा एसएसडी तेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास करते. वर दोनपैकी एक डिस्क गेली तरी सगळा डेटा जातो, म्हणजे धोका जवळपास दुप्पट.

हार्ड डिस्क घेऊच नका, असं मी म्हणत नाही. फुटेज, फोटो, बॅकअप यांना दर टेराबाइटमागे ती अजूनही स्वस्त पडते आणि सलग कामात चांगली चालते. विंडोज आणि गेम एसएसडीवर ठेवा, साठा डिस्कवर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या की ऑनलाइन, बिल होण्याआधी पूर्ण मॉडेल क्रमांक मागा. सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा या तिन्ही कंपन्यांनी 2020 च्या त्या वादानंतर कोणती मॉडेल एसएमआर आहेत ते जाहीर केलं, त्यामुळे क्रमांक हाती असला की पाच मिनिटांत उलगडा होतो. दुकानदार नुसतं "7200 आहे, 256 कॅश आहे" म्हणत राहिला आणि क्रमांक सांगेना, तर दुसऱ्या दुकानात जा.