एक जादा वायर ओढली असती तर काय बिघडलं असतं?

बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन दिव्याच्याच बटणावर जोडून मोकळ्या होणाऱ्या लोकांचा मला भयंकर संताप आलाय.

अहो, त्या पंख्याचं खरं काम सुरू कधी होतं? आंघोळ उरकून आपण बाहेर पडतो तेव्हा! आरसा, टाइल्स, छत, सगळं ओलं असतं, ओला टॉवेल लटकत असतो. ती ओल पुढे बराच वेळ हवेत येत राहते. आणि नेमका तेव्हाच माणूस सवयीने दिवा घालवतो, की पंखाही गप्प. उरलेली वाफ आतच कोंडते, गार छताला लागून तिचं पाणी होतं आणि कोपऱ्यात काळी बुरशी धरते. आमच्याकडे हेच चाललंय. रंगाचे पोपडे निघाले, दोनदा खरवडून रंग दिला, दोनदा बुरशी परत आली.

बरं, एवढ्यावर भागत नाही. रात्री दोन वाजता कुणी उठलं, दिवा लावला, की पंख्याची घरघर सुरू आणि शेजारच्या खोलीतलं पोर जागं. तेव्हा वाफेचा पत्ताही नसतो! आणि भरदिवसा खिडकीतून लख्ख उजेड येत असताना केवळ पंखा हवा म्हणून दिवा जाळत बसायचं.

माझं डोकं फिरायचं कारण याहून मोठं आहे. मी मुद्दाम टायमरवाला फॅन आणला होता. दिवा घालवल्यावर तो आपला आपण 15-20 मिनिटं फिरून थांबतो. त्याला तीन वायरी लागतात: न्यूट्रल, कायम चालू असणारा फेज (म्हणजे करंट आणणारी वायर), आणि दिव्याच्या बटणावरून येणारा फेज. बटणाचा फेज फक्त खूण देतो. दिवा गेल्यावर पंखा फिरतो तो कायमच्या फेजवर. खोक्यात आकृतीसकट कागद होता. मी तो वायरमनच्या हातात दिला होता! त्याने पंख्यापर्यंत न्यूट्रल आणि बटणाचा फेज अशा दोनच वायरी नेल्या, पंख्याच्या आत दोन्ही फेजच्या जागांमध्ये तारेचा तुकडा टाकून लूप मारला आणि झाकण लावून टाकलं. म्हणजे टायमरचे पैसे मोजले आणि मिळाला साधा पंखा. विचारलं तर म्हणतो, "ताई, फिरतोय ना पंखा? मग झालं की." झालं? काय झालं? फिरायचा तेव्हा फिरत नाही, नको तेव्हा फिरतो, याला झालं म्हणायचं?

वेगळं बटण दिलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. घरातली निम्मी माणसं ते दाबायला विसरतात, पण निदान हातात काही राहतं. ओल ओळखून आपोआप चालू होणारे फॅनही मिळतात, पण त्यांनाही कायमचा फेज लागतोच. फिरून गाडी त्याच एका वायरीपाशी येते, जी ओढायचा याला कंटाळा आला.

आता त्याने सुचवलेला उपाय ऐका. "भिंत फोडायला नको, गिझरच्या पॉइंटवरून फेज उचलून देतो." हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. गिझरची एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप पडणारं बटण) वेगळी, दिव्याची वेगळी. उद्या कुणी पंखा साफ करायला दिव्याची एमसीबी पाडली, तर आत दुसऱ्या बाजूने 230 व्होल्ट जिवंतच! शिवाय गिझरची एमसीबी 16 नाहीतर 20 अँपिअरची. पंख्याची बारीक वायर तापून वितळू लागली तरी ती एमसीबी पडेलच असं नाही. बाथरूममध्ये, ओल्या हातांच्या जागेत, हा माणूस असला जुगाड करायला निघाला होता. घरात म्हातारी माणसं आहेत, लहान मुलं आहेत. लाज वाटायला हवी!

कायमचा फेज दिला की बाथरूमबाहेर पंख्याचं स्वतंत्र मेन बटणही हवंच, दोन्ही फेज आणि न्यूट्रल एकदम तोडणारं. कारण दिवा घालवला तरी अशा पंख्यात करंट असतोच. हे मी त्याला समजावून सांगायचं? धंदा कुणाचा आहे?

हे सगळं टाइल्स बसायच्या आधी अर्ध्या तासाचं काम होतं. आता पाइपात वायर सरकत नाही म्हणे, वरून वायर झाकणारी केसिंग पट्टी मारावी लागेल. नव्या कोऱ्या टाइल्सवर पट्टी! उद्या सकाळी येतोय तो. दिसली पट्टी तर दिसू दे. पण फेज दिव्याच्याच बोर्डातून निघणार, मेन बटण बाहेर बसणार, आणि तो लूप मी शेजारी उभी राहून काढून घेणार. पंख्याचं झाकण लागायच्या आधी आत काय जोडलंय ते मला दाखवायचं, त्याशिवाय उरलेले पैसे मिळणार नाहीत.