तोंड वीतभर आणि कोन ९० अंशांचा?

"खरा हॉर्न एक्स्पोनेन्शियलच. कॉन्स्टंट डायरेक्टिव्हिटी हे डॉन कील यांचं फॅड, त्यानं ट्रेबल मारला. हॉर्न लहान की मोठा याला महत्त्व नाही, छापलेला कोन बघा." लाउडस्पीकरच्या हॉर्नबद्दलचा, म्हणजे आवाज पुढे फेकणाऱ्या भोंग्याबद्दलचा, हा मेसेज फिरत फिरत माझ्या धाकट्या भावापर्यंत पोचला आणि सभागृहासाठी त्यानं लहानसा हॉर्न पसंतही करून टाकला. आता गप्प बसवत नाही. एक्स्पोनेन्शियल हॉर्न पुढे पुढे अधिकाधिक वेगानं रुंदावत जातो; कॉन्स्टंट डायरेक्टिव्हिटीचा हॉर्न वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींचा आवाज सारख्याच कोनात पसरवतो. छापलेला कोन म्हणजे हाच पसरण्याचा कोन.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण पैसे तिथेच बुडतात. ध्वनी-अभियंता असलेल्या कील यांनी १९७५ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या अधिवेशनात मांडलेल्या निबंधात सोपा हिशेब आहे. दहा लाखांना कोनाच्या अंशांनी आणि तोंडाच्या इंचांनी भागा. येईल त्या फ्रिक्वेन्सीच्या खाली हॉर्नला तो कोन राखता येत नाही. ९० अंश आणि १० इंच रुंदी म्हणजे साधारण १,१०० हर्ट्झ. उभा कोन ४० अंशांचा आणि उंची तेवढीच १० इंच असेल, तर थेट २,५०० हर्ट्झ! म्हणजे कोन जितका अरुंद हवा, तितकं तोंड मोठं लागतं. बोलण्यातला केवढा तरी भाग याच्या खाली असतो. तो छताकडे जातो, घुमतो आणि मागच्या रांगेत शब्द कळत नाहीत. छापलेल्या कोनानं यात काडीचाही फरक पडत नाही.

फॅड म्हणणाऱ्यांनी कील यांचा हॉर्न नीट पाहिलेला दिसत नाही. घशाशी कील यांनी एक्स्पोनेन्शियल आकारच ठेवला, कारण ड्रायव्हरला, म्हणजे मागे बसून आवाज काढणाऱ्या भागाला, ढकलायला हवेचा भार तिथे मिळतो. पुढे सरळ भिंती, त्या कोन ठरवतात. तोंडाजवळ भिंती आणखी फाकवल्या, कारण कोनावरचा ताबा सुटण्याच्या जरा आधी मधल्या पट्टीत आवाजाचा पसारा आक्रसतो.

ट्रेबलचं, म्हणजे उंच पट्टीतल्या आवाजाचं, म्हणणं अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. इक्वलायझर, म्हणजे हव्या त्या पट्टीचा जोर कमीजास्त करणारं यंत्र, न लावता ऐकलंत तर समोर ट्रेबल कमीच वाटेल. पण तो हॉर्ननं खाल्लेला नसतो. वरच्या पट्टीत हॉर्नमागच्या ड्रायव्हरचीच (त्याला कॉम्प्रेशन ड्रायव्हर म्हणतात) ताकद उतरत जाते. एक्स्पोनेन्शियल हॉर्न उरलासुरला ट्रेबल मधोमध एकवटतो, म्हणून समोरच्याला उणीव जाणवत नाही आणि कडेच्या खुर्च्या कोरड्या राहतात. कील यांच्या हॉर्नला वर इक्वलायझरनं उचल द्यावी लागते, ड्रायव्हरवर ताणही येतो. पण ती उचल कडेच्या खुर्चीलाही मिळते.