खुलासा: आधी चित्रं, मग मालिका
'हार्टस्टॉपर' ही चित्रकादंबरी नेटफ्लिक्सच्या मालिकेवरून काढली, असं सांगितलं जातंय. ही उलटी गंगा झाली. मालिका आली २०२२ मध्ये. ब्रिटिश लेखक-चित्रकार ॲलिस ओसमन यांनी ही चित्रकथा २०१६ पासूनच इंटरनेटवर थोडी थोडी टाकायला सुरुवात केली होती. पहिला छापील खंडही वाचकांनी वर्गणी काढून उभा केलेला. निक आणि चार्ली, म्हणजे या कथेतले शाळकरी नायक, त्याहून जुने. ओसमन यांच्या २०१४ च्या 'सॉलिटेअर' कादंबरीत ते आधीच जोडीदार आहेत. चित्रकथा त्याआधीच्या दिवसांत मागे जाते: वर्गात शेजारची जागा, नुसतं 'हाय', रग्बीचा सराव, आणि मैत्री प्रेमाकडे कधी सरकली ते दोघांनाही न कळणं. चौकटींतून भिरभिरणारी ती झाडांची पानं? तीही मूळ कागदावरचीच, मालिकेने नंतर उचललेली.