भाकरी आणि जाहिराती

बायको लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली आणि ५३व्या वर्षी माझ्यापुढं परात आली. "सांगलीत राहून भाकरी विकत आणायची? लोक काय म्हणतील?" आई म्हणाली. लोक काही म्हणाले नसते. आमच्या गल्लीत तीन घरी रोज विकतच येते. पण आईनं ओट्याशी खुर्ची टाकली होती.

"पाणी जास्त झालं. मळ अजून. तळव्यानं रं, गुदगुल्या काय करतोस? कड जाड राहिली. फिरव, फिरव! दाबू नको!"

एका भाकरीला पंचवीसेक सूचना. पण भाकरी टम्म फुगायची. मी फोटो पुण्याला पाठवायचो.

मग संकष्टीला आई गणपतीच्या देवळात गेली, आणि परातीतून उचलताना पहिलीचे दोन तुकडे झाले, दुसरीचे तीन. गव्हाच्या कणकेसारखा चिकटपणा ज्वारीच्या पिठात नसतो. ते कुणाची चूक पोटात घालत नाही.

मिरजेला फिजिओथेरपी शिकणारी भाची हसली. "मामा, भाकरी आजीच करत होती. हात फक्त तुझे होते." मग तिनं १९९० सालचा विनस्टाइन आणि श्मिट यांचा प्रयोग सांगितला. हाताची एक हालचाल शिकवायची होती. एका गटाला दर खेपेला किती चुकलं ते सांगितलं. दुसऱ्याला निम्म्याच वेळा. आधी भरपूर, मग कमी कमी. दुसऱ्या दिवशी काहीच न सांगता परीक्षा घेतली, तर निम्मं ऐकलेले पुढं! सारखं कुणी सांगत असलं की अंग आपली चूक आपण ओळखायला शिकतच नाही म्हणे.

पण हे आईला सांगणार कोण?

शेवटी मालिका धावून आली. संध्याकाळी सातला खुर्ची हॉलच्या दारात सरकायची. मालिका चालू असताना आई गप्प. जाहिराती लागल्या की मान वळवून एकदम निकाल: "दोन्हीच्या कडा चिरल्यात. उजवीकडं जोर पडतोय तुझा." की पुन्हा गप्प. मधल्या वेळात मी आणि भाकरी. हाताखाली सरकते की चिकटते, तव्यावर फुगते की रुसते, तीच सांगायची. पंधरा दिवसांत हाताला कळायला लागलं.

परवा ऐन सातला वीज गेली. आई मेणबत्ती घेऊन ओट्याशी आली. "दाबू नको!"

भाकरी फाटली.

"बघ," आई म्हणाली, "मी नसते तर तुझं कसं व्हायचं रं?"