कुलधरा एका रात्रीत रिकामं झालं नाही

राजस्थानातल्या कुलधरा गावाचा तो मेसेज पुन्हा जोरात फिरतोय, आता तर त्याचे रील पण आलेत. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: जैसलमेरचा दिवाण सालिम सिंह याची नजर कुलधराच्या मुखियाच्या मुलीवर पडली, त्याने मुदत दिली, मग पालीवाल ब्राह्मणांच्या ८४ गावांनी पंचायत बसवली आणि १८२५ साली राखी पौर्णिमेच्या रात्री सगळेच्या सगळे निघून गेले, जाताना शाप दिला की इथे पुन्हा कोणी वसणार नाही, तेव्हापासून ती जमीन ओसाड आहे आणि ते लोक कुठे गेले हे आजवर कोणालाच माहीत नाही.

मला यातलं जवळपास प्रत्येक वाक्य खटकतं. भुताच्या गोष्टींशी माझं काही भांडण नाही, पण ही माणसं वाळवंटात गहू पिकवणारे शेतकरी होते आणि मेसेजमध्ये त्यांच्या शेतीबद्दल अक्षरही नाही.

आधी ते "एका रात्रीत" बघू. कुलधराच्या भरभराटीच्या काळात, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकात, तिथे दीड हजाराच्या वर लोक राहत असावेत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. जेम्स टॉड या इंग्रज अधिकाऱ्याने स्थानिक जाणकारांकडून जी माहिती गोळा केली त्यात १८१५ च्या सुमारास २०० घरं आणि ८०० माणसं आहेत. म्हणजे मेसेजमधली ती रात्र यायच्या दहा वर्षं आधीच गाव अर्धं झालं होतं! आणि १८९० मध्ये तिथे ३७ माणसं होती. थोडी का होईना पण होती, शाप दिल्यानंतर ६५ वर्षांनी. आज दोन कुटुंबं गेली, पुढच्या दुष्काळात चार गेली, असं गाव रिकामं होत गेलेलं दिसतं.

का गेली, तर पाणी. १८१५ पर्यंत गावातल्या बहुतेक विहिरी आटल्या होत्या, १८५० मध्ये एक बावडी (पायऱ्यांची विहीर) आणि दोन खोल विहिरी तेवढ्या चालू होत्या. गावाच्या कडेने काकनी नदी जाते, ती पण बहुतेक वेळ कोरडीच. पाणी कमी झालं म्हणून दरबाराने सारा कमी केला का, तर नाही.

आता सालिम सिंह. त्याची बाजू घ्यायला मी बसलेली नाही, तो जुलमी होता हे टॉडने त्या काळातच लिहून ठेवलंय. पण टॉडची मुख्य तक्रार आहे खंडणीची, दंडाची, लुबाडणुकीची, ज्यामुळे पालीवाल कुटुंबं आपणहून मुलूख सोडून बाहेर राहात होती. १८२० मध्ये जैसलमेरचे राजे रावळ मूळराज वारले, त्यांच्या जागी कोवळ्या वयाचे गजसिंह आले, कारभार सगळा दिवाणाच्या हातात. हे सगळं खरं. पण टॉडच्याच लिखाणाप्रमाणे सालिम सिंह १८२४ मध्ये मेला, मग १८२५ च्या पौर्णिमेला तो कोणाच्या दारात माणसं पाठवणार होता? मुलीची गोष्ट तिकडच्या लोकांच्या तोंडी आहे, ती लोककथा म्हणून जरूर सांगा, तिच्यात त्या जुलमाची आठवण असेलही. फक्त तारीख-वार लावून इतिहास म्हणून खपवू नका, कारण मग वर्षानुवर्षं चाललेली करवसुलीची लूट बाजूला पडते आणि सगळं एका माणसाच्या वाईट नजरेवर येऊन थांबतं.

शापाने जमीन ओसाड झाली, हे तर मला सगळ्यात जास्त लागतं. अहो, ती जमीन आधीपासूनच वाळवंटातली आहे, वर्षाला २०० मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस, तोही कधी येतो कधी नाही! तिथे पालीवालांनी जे केलं त्याला खडीन म्हणतात. आजूबाजूला खडकाळ, मुरमाड उतार असतात, त्यात पाणी मुरत नाही, जोराची एक सर आली की सगळं खाली धावतं. त्या उताराच्या पायथ्याशी, जिथे सखल भाग आणि चांगली माती आहे, तिथे आडवा लांबलचक मातीचा बांध घालायचा, शंभर-दोनशे-तीनशे मीटरचा सुद्धा, आणि जास्तीचं पाणी जायला सांडवा ठेवायचा. पावसाळाभर पाणी बांधामागे साचतं, हळूहळू जिरतं, सोबत आलेला गाळ तिथेच बसतो, मातीतले क्षार खाली जातात. पाणी ओसरलं की वाफसा बघून ऑक्टोबर-नोव्हेंबरात गहू-हरभरा पेरायचा, आणि पुढे एकही पाणी न देता नुसत्या ओलीवर पीक काढायचं. आपल्याकडे सोलापूर भागात काळ्या रानात शाळू जसा जिरलेल्या ओलीवर येतो ना, तसंच, फक्त इथे ओल धरणारी काळी माती नाही, म्हणून ती ओल आधी दहा-पंधरा पट मोठ्या उतारावरून ओढून एका शेतात आणावी लागते. बांधाच्या खालच्या अंगाला विहीर खणायची, मुरलेलं पाणी तिथे लागतं, ते प्यायला. उतार किती, बांध कुठे, सांडवा किती उंच, हे चुकलं तर एक तर शेत कोरडं नाहीतर बांध वाहून जाणार, त्यामुळे हे ज्ञान किती पिढ्यांनी साठवलं असेल विचार करा. आणि ओसाड म्हणताय, तर जैसलमेर जिल्ह्यात पालीवालांच्या काळातल्या खडिनी आजही पेरल्या जातात, दुसरे शेतकरी पेरतात, चांगला पाऊस झाला की गहू येतो. शाप असता तर हे झालं नसतं.

"१२९१ मध्ये वसवलं" हे पण काही मेसेजमध्ये असतं. गावाजवळच्या स्मशानातल्या दोन देवळ्यांवर (मेलेल्यांच्या आठवणीच्या शिळांवर) १२३५ आणि १२३८ सालच्या मृत्यूंच्या नोंदी आहेत, म्हणजे वस्ती त्याआधीची. ८४ हा आकडा गावांच्या समूहासाठी तिकडे परंपरेने वापरला जातो, तेवढी गावं एकाच रात्री उठली असं त्यातून निघत नाही.

पडकी घरं दाखवून "बघा कसं उद्ध्वस्त झालं" म्हणतात त्यांच्यासाठी: २०१७ मध्ये भूशास्त्रज्ञांचा एक अभ्यास आला, कोसळलेली छतं आणि निखळलेल्या दगडी तुळया पाहून त्यांनी भूकंपाची शक्यता मांडली. मला ते शेवटचं उत्तर वाटत नाही, कारण रिकाम्या घरांचा दगड लोक पण नेतात, पण निदान तपासता येईल असं काहीतरी ते बोलतायत.

राहिला शेवटचा दावा, कुठे गेले कळलंच नाही. पालीवाल आडनावाची माणसं राजस्थानात आहेत, गुजरातेत आहेत, मध्य प्रदेशात आहेत, आपल्या महाराष्ट्रातही आहेत. हे लोक शेतीबरोबर व्यापारही करायचे, जैसलमेरवरून सिंधकडे जाणारा उंटांचा व्यापार मुंबईसारख्या बंदरांमुळे पुढे मंदावत गेला, म्हणजे तोही आधार सुटत गेला, आणि जिथे पाणी आणि धंदा होता तिथे ती कुटुंबं गेली. तुमच्या ओळखीत कोणी पालीवाल असतील तर त्यांनाच विचारा, आणि कुलधराला जाणार असाल तर गाइडला भुताचं घर दाखव म्हणण्याआधी जवळपासची खडीन दाखवायला सांगा, रब्बीच्या दिवसात गेलात आणि त्या वर्षी पाऊस बरा झाला असेल तर पीक उभं दिसेल.