ग्राफचा चौकोन आणि चित्रकलेचा तास

सोलापुरात चित्रकलेच्या तासावरून दोन तट पडलेले दिसतात. एक तट म्हणतो, शाळेत इंटरॅक्टिव्ह पॅनल (स्पर्शाने चालणारा मोठा पडदा) आला, घरोघरी मोबाइल आला, तरी मुलांना अजून तांब्या-भांड्याचं वस्तुचित्रच काढायला का लावता? दुसरा म्हणतो, मोबाइलमुळे मुलांचा हातच बसत नाही. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांची तयारी यूट्यूब बघून होते आणि अक्षरलेखनाच्या पेपरला पट्टी नीट धरता येत नाही. मग मधेच माझ्यासारख्या परदेशात राहणाऱ्या माणसाला विचारलं जातं, ‘तुमच्याकडे तर सगळं टॅबवरच असेल ना?’

नसतं. मी राहतो ते ब्रॅडफर्ड हे उत्तर इंग्लंडमधलं लोकरीच्या गिरण्यांचं गाव. गिरण्या बंद पडल्यावर गावाचं काय होतं, हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. शेजारच्या सॉल्टेअरमधली १८५३ची गिरणी १९८६ साली थांबली आणि आज तिथे चित्रकार डेव्हिड हॉकनीची चित्रं टांगलेली आहेत. हॉकनी ब्रॅडफर्डचाच, जन्म १९३७चा. त्याने आयपॅडवर चित्रं काढली, म्हणून टॅबवाले त्याचं नाव हमखास घेतात. पण आयपॅड बाजारात आला २०१० साली. तेव्हा हॉकनीने सत्तरी ओलांडली होती आणि पेन्सिल-शाईच्या रेखाटनाची पन्नासहून अधिक वर्षं त्याच्या मागे होती. त्याचा दाखला द्यायचा तर पूर्ण द्यावा.

इथल्या शाळांत कलेच्या तासाचा कणा आहे स्केचबुक. इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात प्राथमिकच्या वरच्या वर्गांसाठी स्पष्ट लिहिलंय की मुलांनी स्केचबुक करावं, त्यात निरीक्षणं नोंदवावीत आणि पुन्हा पुन्हा त्याकडे परत यावं. सोळाव्या वर्षाच्या जीसीएसई परीक्षेत कला विषयाचे ६० टक्के गुण वर्षभर साठवलेल्या कामाला असतात. उरलेले ४० टक्के दिलेल्या विषयावरच्या कामाला असतात. त्याची तयारी आधी अनेक आठवडे चालते आणि शेवटी देखरेखीखाली दहा तास मिळतात. काम स्वतःचं आहे, असं विद्यार्थी आणि शिक्षक दोघांनाही सही करून सांगावं लागतं. दुसरीकडे, शाळेच्या वेळेत मुलांनी मोबाइल वापरू नये, अशी सूचना सरकारने २०२४ साली शाळांना दिली. म्हणजे डिजिटल साधनं आहेत, पण ती बहुतेक शिक्षकाच्या टेबलावर किंवा शाळेच्या कपाटात. त्यांचं मुख्य काम दोनच प्रकारचं : दाखवणं आणि नोंद ठेवणं.

आपल्या ग्रेड परीक्षा याच्या नेमक्या उलट आहेत. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला स्थिरचित्र असो, स्मरणचित्र असो की संकल्पचित्र, एका बैठकीत पूर्ण झालेला कागद तेवढा तपासला जातो. मुलाने आधी किती कच्ची रेखाटनं केली, रचना का बदलली, हे परीक्षकापर्यंत पोचतच नाही. या परीक्षांवर मी टीका करत नाही. खेड्यापाड्यातल्या मुलांना रेघ, छटा आणि भूमितीची शिस्त त्यांनीच लावली आहे. पण जिथे प्रक्रियेला गुण नाहीत, तिथे प्रक्रियेची नोंद ठेवणाऱ्या साधनाला शिक्षक वेळ कुठून देणार? आठवड्याला जेमतेम दोन तासिका, त्यातही एक दुसऱ्या विषयाने घेतलेली. म्हणून टॅब द्यायचे की नाही, याच्या आधीचा प्रश्न असा की ग्रेडच्या गुणांत दहा-वीस टक्के तरी कच्च्या कामाला ठेवता येतील का. मला वाटतं, येतील. पण भांडण तिथे पोचत नाही, ते पॅनलच्या किमतीपाशीच थांबतं.

दाखवण्याचं साधन सगळ्यात स्वस्त आहे आणि तरी वापरात सगळ्यात कमी आहे. साठ मुलांच्या वर्गात सर फळ्याजवळ टेबलावर जलरंगाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सपाट थर, दाखवतात, तेव्हा पहिल्या दोन बाकांच्या मागे काहीच दिसत नाही. इथे त्यासाठी वरून बघणारा कॅमेरा असतो. सोलापुरात ते काम विज्ञानाच्या प्रयोगशाळेतला क्लॅम्प-स्टँड करतो. टेबलापासून चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटरवर फोन आडवा, कागदाला समांतर बांधायचा. क्लॅम्पच्या दातांमध्ये कापडाची घडी ठेवायची, नाहीतर फोनची कडा चेपते. पाया हलका असतो, त्यावर वीट ठेवायची.

घोटाळा होतो तो पुढे. फोनला टाइप-सी आहे म्हणून लोक एचडीएमआयची जोडणी विकत आणतात आणि पडद्यावर काहीच येत नाही. कारण बहुतेक स्वस्त फोनांच्या टाइप-सी मधून चार्जिंग आणि डेटा जातो, चित्र बाहेर पडत नाही. जोडणी घेण्याआधी दुकानात आपलाच फोन लावून बघावा. वायरलेसने दाखवता येतं, पण फोन आणि पॅनल बहुतेक वेळा एकाच वायफायवर लागतात आणि चित्र थोडं मागून येतं. हात उचलल्यावर पडद्यावरचा ब्रश अजून चालत असतो, आणि मुलं गोंधळतात. साधा यूएसबी वेबकॅम लॅपटॉपला लावणं हा सगळ्यात बिनघोर मार्ग.

दुसरी अडचण रंगाची. कॅमेरा आपणहून उजेड मोजतो, त्यामुळे पांढरा कागद आला की सगळं राखाडी करतो. वर हात आला की उजळतो, हात गेला की पुन्हा मंद होतो. पडद्यावर बोट थोडा वेळ दाबून फोकस आणि उजेड कुलूपबंद करायचा. ट्यूबच्या प्रकाशात पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले, तर सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ निवडायचं. आपल्या विजेची वारंवारता तीच आहे. उजव्या हाताने रंगवणाऱ्यासाठी दिवा डाव्या बाजूला ठेवायचा, नाहीतर स्वतःच्याच मनगटाची सावली चित्रावर पडते. हे सगळं जमवायला पहिल्या दिवशी अर्धा तास जातो. त्यानंतर रोज दोन मिनिटं.

नोंदीचं म्हणाल तर मुलाच्या एका चित्राचे तीन फोटो पुरतात : पेन्सिलचं, पहिल्या रंगाचं आणि पूर्ण झालेलं. खिडकीशेजारी, थेट ऊन न येणाऱ्या जागी चित्र ठेवायचं. सोलापूरच्या उन्हात ऑइल पेस्टल इतकं चमकतं की फोटोत निम्मा रंग पांढरा होतो. फोन अगदी जवळ नेऊन फोटो काढला की कागदाच्या कडा वाकड्या येतात. दोन पावलं मागे जाऊन झूम करावं. फोटोत फक्त कागद यावा, मुलाचा चेहरा नको.

पडद्यावर रंग शिकवण्याबद्दल मात्र मी पक्का विरोधात आहे. पडद्यावर लाल आणि हिरवा प्रकाश मिसळला की पिवळा दिसतो, ताटलीत तेच दोन पोस्टर कलर मिसळले की मातकट तपकिरी होतो. ज्या मुलाने आधी पडद्यावर बोट ठेवून रंग उचलले, त्याला ताटलीतला रंग ‘चुकलेला’ वाटतो. आधी ताटली, मग पडदा. सहावीच्या आत पडदा नकोच. आणि शब्द टाइप करून यंत्राकडून चित्र काढून घेणं हा चित्रकलेचा तास नव्हे. तिथे मूल निवडतं, बघत नाही.

इथे सगळं आलबेल आहे, असं वाटून घेऊ नका. इंग्लंडमध्ये २०१० साली शाळांच्या कामगिरीचं जे नवं मोजमाप आलं, त्यात इंग्रजी, गणित, विज्ञान, भाषा आणि इतिहास-भूगोल होते, कला नव्हती. मग वेळापत्रकात कलेचं काय झालं असेल, याचा अंदाज कुणालाही येईल. आपल्याकडे २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तर कलेसाठी अंशकालीन निदेशक. त्याखालच्या शाळांचं काय? पॅनल भिंतीवर आहे आणि चित्रकलेचे सर नाहीत, हे चित्र मला सगळ्यात जास्त टोचतं. पैसे एकदाच मिळणार असतील तर आधी माणूस घ्या.

आणि खरं सांगायचं तर डिजिटल चित्र सोलापूरला बाहेरून आणायची गरजच नाही. फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या जोसेफ मारी जॅकार्डने १८०४च्या सुमारास पंचकार्डावर चालणारा माग तयार केला. कार्डाला भोक असेल तर धागा उचलला जातो, नसेल तर खाली राहतो. हो किंवा नाही, एवढंच. याच कार्डांवरून इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राला कार्डांनी सूचना देण्याची कल्पना घेतली. सोलापूरच्या पूर्व भागातल्या चादरीच्या कारखान्यांत ग्राफ पेपरवर एकेक चौकोन भरून नक्षी काढणारे डिझायनर आणि कार्ड पंच करणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले. कॉम्प्युटरवरचा पिक्सेल म्हणजे ग्राफचा तो चौकोन. २००५ साली भौगोलिक मानांकन मिळालेली चादर ज्या शहराची आहे, तिथल्या मुलांना पिक्सेल समजावायला परदेशी कार्टून कशाला हवं?

चार तासिकांचा धडा असा. पहिल्या तासिकेला ग्राफ पेपरवर २४ बाय २४ चौकोनांत पेन्सिलने एकच नक्षी : मोर, फूल किंवा सिद्धेश्वर यात्रेतला बाराबंदी घातलेला नंदीध्वजधारी. चौकोन पूर्ण भरायचा किंवा पूर्ण मोकळा सोडायचा, अर्धा नाही. इथेच मुलं अडतात, कारण तिरकी रेघ पायऱ्यापायऱ्यांची होते आणि मोराची मान तुटल्यासारखी दिसते. ती कुठे जाड करायची, हे मुलाने लांबून बघून ठरवायचं. शिक्षकाने खोडून देऊ नये.

दुसऱ्या तासिकेला कॉम्प्युटर. क्रिता हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि एकदा टाकलं की इंटरनेटशिवाय चालतं. २४ बाय २४ पिक्सेलचा कागद उघडायचा, पिक्सेलचा ब्रश घ्यायचा, फक्त काळा आणि पांढरा. साधा ब्रश घेतला तर कडेला राखाडी पिक्सेल येतात आणि मागाला राखाडी माहीत नाही. कीबोर्डवर डब्ल्यू दाबलं की तीच नक्षी चहूबाजूंनी जुळून दिसते आणि जोडावर कुठे फट पडते ते लगेच कळतं. वहीवर हे बघायला नऊ वेळा तीच नक्षी काढावी लागली असती. पडदा खरा उपयोगी पडतो तो इथे. नक्षी मोठी करताना ‘नीअरेस्ट नेबर’ हा पर्याय निवडायचा, नाहीतर सगळे चौकोन धुरकट होतात.

तिसऱ्या तासिकेला वर्गात एक खरी चादर आणायची, कोपऱ्यात कारखान्याचं नाव विणलेली. उलटून बघितलं की रंग उलटे झालेले दिसतात आणि नावही उलटं वाचलं जातं. पडद्यावर तेच करायचं : आधी रंग उलटवायचे, मग चित्र आडवं पलटायचं. नुसते रंग उलटवून थांबलेल्या मुलाला त्याची चूक चादरच दाखवते.

चौथ्या तासिकेला शक्य असेल तर ग्राफ काढणाऱ्या एखाद्या जुन्या कारागिरांना बोलवावं. त्यांनी एक ग्राफ, त्याची दोन-चार कार्डं आणि त्यावरून विणलेला तुकडा आणावा. मग मुलांनी भिंग घेऊन एका इंचात उभे धागे किती आणि आडवे किती, ते मोजायचं. समजा उभे ४० आणि आडवे ३० निघाले, आणि ग्राफचा एक चौकोन म्हणजे एक धागा. म्हणजे ग्राफवर २४ चौकोन रुंद आणि २४ चौकोन उंच काढलेला गोल कापडावर ०.६ इंच रुंद आणि ०.८ इंच उंच येणार, म्हणजे अंड्यासारखा. तो गोल दिसायला हवा असेल, तर ग्राफवर उंची १८ चौकोनच ठेवून तो मुद्दाम चपटा काढायचा.